राहतं घर विकताना: आवरलेलं टिकत नाही आणि गिऱ्हाईक ‘कळवतो’ म्हणून जातं, तेव्हा काय करायचं

राहतं घर विकायला काढलं की एक तक्रार हमखास कानावर येते. माणसं येतात, सगळ्या खोल्या बघतात, पाणी पितात, ‘घर चांगलं आहे’ म्हणतात, ‘घरात बोलून कळवतो’ म्हणून जातात आणि पुन्हा फोन करत नाहीत. दर रविवारी घासूनपुसून घर उभं करायचं, गिऱ्हाईक येऊन जायचं आणि बुधवारपर्यंत घर पुन्हा होतं तसं. असं दोन-तीन महिने चाललं की घरातली बाई थकते, पुरुष चिडतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘किंमतच उतरवूया.’

मी बेळगावात घरं दाखवायचं काम करतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, इकडं हिंडलगा-कंग्राळी, कधी खानापूर आणि निपाणीसुद्धा. किंमत उतरवायच्या आधी जरा थांबा, एवढंच माझं सांगणं असतं. बऱ्याच घरांत किमतीची अडचण नसतेच. पाच माणसं नांदत असलेल्या घरात दहा माणसांचं सामान असतं. ते कितीही आवरलं तरी जागेवर राहत नाही, कारण त्याला जागाच नसते. त्यामुळं आवरून भागत नाही. निम्मं सामान घराबाहेर गेलं पाहिजे, तेही विक्रीच्या आधी.

आधी अडतंय कुठं ते बघा

फोनच येत नसतील तर घराला हात लावू नका. फोटो वाईट आहेत, किंमत गल्लीतल्या भावापेक्षा फार वर आहे, नाहीतर जाहिरात चुकीच्या माणसांपर्यंत जाते आहे. फोन येतात, माणसं येतात, पण दहा मिनिटांत चपला घालतात, तर दोष दारात, वासात, अंधारात किंवा पसाऱ्यात आहे. आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं, सोबत सासऱ्यांना नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीला आणतं आणि त्यानंतर गप्प होतं, तर ओल, पाणी किंवा कागद यांपैकी काहीतरी खटकलं आहे.

हे तीन वेगवेगळे आजार आहेत. मला नेहमी दिसतं ते असं की कागद अडलेले असतात आणि लोक घराला रंग देत बसतात. पन्नास-साठ हजार खर्च होतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या भेटीनंतर जातं ते जातंच. म्हणून प्रत्येक भेटीनंतर वहीत एक ओळ लिहा: कोण आले, किती वेळ थांबले, कुठल्या खोलीत बोलणं थांबलं, काय विचारलं. पाच-सहा भेटी झाल्या की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसते.

पसारा परत का येतो

वडगावातलं एक घर सांगतो. गल्लीतलं जुनं घर, अरुंद आणि लांब. पुढं सोपा, म्हणजे बैठकीची पुढची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मागं न्हाणी, परसू आणि विहीर. पूर्वी सोप्यात माग होता, तो गेला आणि तिथं सोफा आला. त्या घरातल्या वैनी कामात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. फरशी आरशासारखी ठेवलेली असायची. पण मधल्या खोलीत दोन लोखंडी कपाटं, कपाटांवर सुटकेसी, सुटकेसींवर गाद्यांचा गठ्ठा थेट आढ्यापर्यंत. पलंगाखाली पोत्यांत पितळी भांडी. आणि दारामागच्या खुंट्यांवर सात-आठ कपडे, त्यामुळं दार पूर्ण उघडायचंच नाही. येणारा माणूस अर्ध्या दारातून अंग चोरून आत शिरायचा आणि तिथंच त्याच्या लेखी खोली लहान व्हायची. टेप लावला तर खोली दहा बाय बाराची होती. बघायला येणारे मात्र ‘आठ बाय दहा असेल की हो’ म्हणून जायचे.

आम्ही सुरुवात खुंट्यांपासून केली. कपडे काढले, खुंट्या काढल्या, दार भिंतीला टेकलं. मग एक कपाट, सगळ्या सुटकेसी, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्या, पितळी भांडी, मुलीच्या शाळेची जुनी पुस्तकं आणि गणपतीच्या मखराचं सामान टेम्पोत घालून वैनींच्या भावाकडं येळ्ळूरला गेलं. राहिलं ते एक कपाट, पलंग आणि खिडकी. ही खिडकी बाजूच्या बोळात उघडते, हे सहा महिने येणाऱ्या कुणालाही कळलं नव्हतं.

तरीही खोलीत अंधार होताच. दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. वर बघितलं तर छपराला दोन काचेची कौलं होती, धूर, धूळ आणि शेवाळ बसून काळी ठिक्कर पडलेली. मिस्त्रीनं ती उतरवून सोड्याच्या पाण्यानं घासली, शेजारची फुटकी कौलं बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर उजेडाचे दोन चौकोन पडले. घर जुनं आणि कौलारू असेल तर छपराकडं एकदा नक्की बघा. नव्या ट्यूबलाइटपेक्षा हे काम स्वस्तात होतं आणि गिऱ्हाईक मान वर करून बघतं.

याच घरात आजींनी एक गोष्ट ठाम सांगितली होती. ‘देव आणि ह्यांचा फोटो हलवायचा न्हाई.’ मी म्हटलं, ‘आजी, देव कोण हलवतंय? देवघर हाय तिथंच राहू दे.’ देवघराला मी कुठल्याच घरात हात लावत नाही. आपल्याकडं बघायला येणारा माणूस, मराठी असो वा कन्नड, देव कुठल्या दिशेला आहेत ते आधी बघतो. नीट पुसलेलं, दिवा लावलेलं देवघर घराची बाजू धरतं. मात्र देवघराखालच्या कप्प्यातल्या उदबत्तीच्या रिकाम्या पेट्या, जुनी पंचांगं, तेलाच्या बाटल्या काढायच्या. राहता राहिला आजोबांचा फोटो. तो सोप्यात दारासमोर होता, चंदनाच्या हारासकट. आत येणाऱ्याची पहिली नजर त्यावर जायची आणि आवाज आपोआप खाली यायचा. दोन दिवस आजी काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच म्हणाल्या, ‘माझ्या पलंगासमोर लावा, मला बघायला बरं.’ फोटो त्यांनीच उतरवून दिला. भिंतीवर डिस्टेंपरचा एक उजळ चौकोन आणि खिळ्याचं भोक राहिलं. असे चौकोन तसेच सोडू नका. नुसतं भोक पुट्टीनं बुजवून डाग लपत नाही, ती अख्खी भिंत रंगवावी लागते.

म्हाताऱ्या माणसांशी हे बोलणं घाईनं करू नका. घर विकायचं हे त्यांनी मान्य केलेलं असतं, पण फोटो उतरवताना ते पहिल्यांदा खरं वाटतं. त्यांना आठ दिवस द्या. कुठली वस्तू कुठं जाणार आहे ते त्यांच्यासमोर ठरवा. न विचारता हलवलेली एक ट्रंक पुढं व्यवहार मोडायला पुरते, हे मी बघितलं आहे.

काय काढायचं, कुठं ठेवायचं

येत्या तीन महिन्यांत जे लागणार नाही ते बाहेर. पाहुण्यांचं अंथरूण, लग्नात आलेली आणि वेष्टनातून न निघालेली भांडी, बंद पडलेला मिक्सर, मुलांची लहानपणची सायकल, दुकानाचा शिल्लक माल, वर्षानुवर्षांची बिलं. शेवटी ते बांधायचंच आहे, तर आताच बांधा. गावाकडं भावाचं घर असेल, माहेर जवळ असेल तर उत्तम. नसेल तर एखादी खोली दोन-तीन महिने भाड्यानं घ्या. ते भाडं किंमत दोन लाखांनी उतरवण्यापेक्षा कितीतरी कमी असतं.

सगळं उचलून मागच्या खोलीत कोंबायचं आणि तिला कडी घालायची, हे करू नका. जिन्याखाली आणि गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवायचं, हेही नको. बघायला आलेला माणूस बंद दार उघडायला लावतोच, आणि गच्चीवर तर पहिल्यांदा जातो. माळा रिकामा दिसला तर त्याला वाटतं, या घरात जागा आहे. माळ्यावरून पोती डोकावत असतील तर या लोकांनाच जागा पुरत नाही, असं वाटतं.

एवढं झालं तरी रोजचा पसारा राहणारच. घर राहतं आहे, पोरं शाळेला जातात, डबे होतात. त्यासाठी तीन प्लास्टिकचे क्रेट आणा: एक ओट्याखाली, एक न्हाणीजवळ, एक हॉलमध्ये सोफ्यामागं. फोन आला की ओट्यावरचा मिक्सर, तेलाचा कॅन, लोणच्याच्या बरण्या, फडकी पहिल्यात. ब्रश, तेलाच्या बाटल्या, साबणाचे तुकडे दुसऱ्यात. चार्जर, औषधं, वर्तमानपत्रं, दप्तरं तिसऱ्यात. क्रेट गाडीच्या डिकीत किंवा शेजारच्या काकूंकडं. आधी सामान कमी केलं असेल तर अर्ध्या तासात घर तयार होतं. केलं नसेल तर दहा क्रेटही पुरत नाहीत.

ही कामं माणसागणिक वाटून घ्या. बहुतेक घरांत गिऱ्हाईक येणार म्हटलं की सगळं ओझं एकट्या बाईवर पडतं, तेही स्वयंपाक आणि नोकरी सांभाळून. तिसऱ्या आठवड्यात ती हात टेकते आणि घर पहिल्यासारखं होतं. पसारा परत येण्याचं हे दुसरं मोठं कारण आहे, आणि घरातले पुरुष ते सहसा बोलून दाखवत नाहीत. हॉलचा क्रेट नवऱ्याचा, न्हाणीचा मोठ्या मुलाचा, असं आधीच ठरवा. दाखवायच्या वेळाही बांधून घ्या: शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. एजंट म्हणेल, आत्ता पार्टी आली आहे, पाच मिनिटांत येतो. त्याला नम्रपणे रविवार सांगा. घर ज्याला खरंच घ्यायचं आहे तो रविवारी येतो.

ओल

हा आपल्या भागातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत जास्त लपवला जाणारा दोष. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस धरतो तो धरतोच, आणि खानापूरच्या बाजूला त्याहून जास्त. पश्चिमेची भिंत चार महिने झोडपली जाते. जुन्या घरांचा पाया दगडाचा, बऱ्याचदा जांभ्याचा, आणि जोत्यावर ओल अडवणारा थर नसतो. मग जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत. त्या उंचीवर पांढरा खार फुटतो आणि गिलावा हाताला पिठासारखा लागतो.

लोक काय करतात? खरवडतात, पुट्टी भरतात, वरून ऑइलपेंट मारतात. दोन महिने भिंत झकास दिसते. ऑइलपेंटमुळं आतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, फुगे येतात, नाहीतर ओल आणखी वर चढून रंगाच्या कडेला बाहेर येते. खालचे तीन फूट चकचकीत आणि वरचा भाग साधा, असा पट्टा दिसला की मिस्त्री आधी तिथंच बोटानं टकटक करतो.

ओल कुठून येते ते आधी ओळखा. एक फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी आहे, आणि त्याला भिंत दोषी नाही. या दुसऱ्या प्रकाराचं कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात हॉलमध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळवायचे, खिडक्या बंद, कपाट भिंतीला चिकटून. कपाट चार बोटं पुढं ओढा, कपडे पडवीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली हलवा, खिडकी रोज तासभर उघडा. कुबट वास महिन्याभरात उतरतो.

पाणी खरंच भिंतीतून येत असेल तर वरून खाली शोधा. गच्चीवरची टाकी ओघळते का, पावसाळी पाइपाचा सांधा सुटला आहे का, पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, तडे आहेत का, बाहेरच्या अंगणाची माती भिंतीला टेकून जोत्याच्या वर आली आहे का. हे शेवटचं तर सर्रास दिसतं. अंगणात दरवर्षी मुरूम टाकत गेले आणि जोतं गाडलं गेलं. ती माती काढून उतार बाहेरच्या बाजूला केला की निम्मी ओल बंद होते. मग खराब गिलावा डागाच्या फूटभर वरपर्यंत काढून भिंत उन्हाळाभर उघडी वाळू द्या आणि चुन्याचा गिलावा करा. चुन्यातून भिंत श्वास घेते, खार बाहेर येऊन झटकता येतो. एवढा वेळ नसेल तर भिंत आहे तशी स्वच्छ ठेवा आणि दुरुस्तीचा अंदाजखर्च मिस्त्रीकडून लिहून घेऊन गिऱ्हाइकाला दाखवा.

लपवू मात्र नका. कपाट लावून डाग झाकणं कायद्यातही बसत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनं बघितलं तरी, ‘ही भिंत ओलसर आहे, दुरुस्तीला एवढा खर्च येईल’ असं मालकानं आपणहून सांगितलं की समोरचा माणूस बाकीच्या भिंतींवर विश्वास ठेवतो.

वास, उजेड, फरशी, न्हाणी

आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. शेजारणीला बोलावून विचारा, आणि तिनं सांगितलं ते मनाला लावून घेऊ नका. न वापरलेल्या संडास-बाथरूमला गटाराचा वास येत असेल तर पाइप फोडायची गरज सहसा नसते. जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं, आणि तेच पाणी गटाराचा वास अडवत असतं. दोन तांबे पाणी ओता, रोज ओतत राहा. डांबराच्या गोळ्या काढून टाका. गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी तळण नको, मासे नको. उग्र धूप आणि रूम फ्रेशनरही नको. कशाचा वास झाकताय, असा प्रश्न त्यातूनच पडतो.

एका खोलीत पिवळा दिवा, दुसऱ्या खोलीत निळसर पांढरा, असं असेल तर घर तुकड्यातुकड्यांचं वाटतं. एलईडीच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो. ३००० केल्विनचा उजेड उबदार, ६५०० चा थंड पांढरा. राहत्या खोल्यांना एकच प्रकार लावा.

शहाबादी फरशीवर ॲसिड ओतू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिडनं तो खाल्ला जातो आणि खरबरीत, पांढुरका होतो. मोझॅकलाही तेच. मोझॅकला मशीनची पॉलिश करून घ्या. तीस-चाळीस वर्षांचं मोझॅक पॉलिशनंतर असं उठून दिसतं की नवी टाइल घालायचा खर्च वाचतो. बोअरच्या पाण्यानं नळांवर आणि टाइल्सवर पांढरे थर बसले असतील तर लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून फडक्यानं लावा, दहा मिनिटांनी घासून धुवा.

रंगाचं थोडक्यात. एक खोली जांभळी, एक पोपटी, एक गुलाबी असेल तर तिन्ही मोतिया किंवा फिक्या क्रीम रंगानं करा. ज्या खोल्या ठीक आहेत त्यांना हात लावू नका.

पाणी

बेळगावात घर बघायला येणाऱ्याचा पहिला किंवा दुसरा प्रश्न ‘पाणी किती दिवसांनी येतं?’ हा असतो. शहरातल्या काही भागांत चोवीस तास पाणी आहे, बाकीच्या ठिकाणी नाही. खरं काय ते सांगा आणि सोय दाखवा. संपाचं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचं, झाकण गंजलेलं असेल तर बदला, गच्चीवरची टाकी धुऊन घ्या, बोअरची मोटर चालू करून दाखवा.

विहीर असेल तर ती तुमच्या घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू आहे, आणि नेमकी तिच्याकडंच दुर्लक्ष झालेलं असतं. पाण्यावर पाला, कठड्यावर शेवाळ, शेजारी फुटक्या बादल्या. या गावाचा विहिरींवर जुना जीव आहे. १९२४च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या परसातली विहीर उपसून घ्या, कठडा घासा, वर लोखंडी जाळी बसवा. लहान मुलं असलेल्या घरातल्या आईला जाळी नसलेली विहीर दिसली तर तिचं लक्ष पुढच्या कशातच राहत नाही.

फोटो आणि दिवस

पावसाळ्यात फोटो काढू नका. कंपाउंडवर शेवाळ, आभाळ काळवंडलेलं, दारात चिखल. दसऱ्याला घर झाडूनपुसून निघतंच, त्यानंतर लगेच फोटो काढा. सकाळी नऊच्या सुमाराला, पडदे बाजूला करून, मोबाइल आडवा धरून, खोलीच्या कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवरून. समोरून घराचा फोटो घेताना दारातली स्कूटर बाजूला लावा, फाटकाला ग्रीस द्या, नावाची पाटी पुसा, तुळशीकट्टा चुन्यानं सारवा.

पितृपक्षात आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या धनुर्मासात बरेच लोक घराचं बोलणं टाळतात. त्या दिवसांत फोन कमी आले म्हणून घाबरून किंमत उतरवू नका. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, त्यामुळं पोरंबाळं असलेली कुटुंबं पाडव्यापासून घाईत असतात. तोवर घर तयार हवं.

जाहिरात मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत लिहा. कन्नड लिहिता येत नसेल तर शेजारी कुणालाही सांगा, आनंदानं लिहून देतात. घर घेणारे इथं सगळीकडून येतात: निवृत्त फौजी, हॉस्पिटलातली नोकरदार जोडपी, उद्यमबागेतले कारखानदार, गोव्याहून येणारे. दारात आलेल्या कन्नड माणसाला ‘बर्री, कूड्री’, म्हणजे ‘या, बसा’, म्हटलं तर तो सैल होऊन बसतो आणि मनातलं बोलतो.

बघायला आल्यावर

टीव्ही बंद, कुत्रं शेजारी, दागिने, औषधं आणि कागद कुलपात. घरात एकानंच थांबावं, दोन फार तर. प्रत्येक खोलीत मागं मागं फिरू नका. नवरा-बायकोला आपसात बोलायला जागा हवी असते, आणि तुम्ही दारात उभे असाल तर ते बोलत नाहीत. ‘इथं आमचा सोफा मावेल का?’ असं कुजबुजणं सुरू झालं तर समजा, काम पुढं सरकलं. चहा सगळं बघून झाल्यावर द्या. आल्याआल्या दिला तर माणूस संकोचानं घाईघाईत बघतो.

एका भागात भाडेकरू असतील तर त्यांना आदल्या दिवशी सांगा, आणि शक्य असेल तर त्या महिन्याचं भाडं थोडं कमी करा. रागावलेला भाडेकरू दारातच नको ते सांगून मोकळा होतो, आणि त्याचाही दोष नसतो, कारण त्याचं घर सुटणार असतं.

कागद

दुसऱ्या भेटीनंतर गप्प झालेल्या गिऱ्हाइकांपैकी बरेच इथं अडतात. शहर हद्दीत ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्तेच्या संगणकीकृत उताऱ्याशिवाय, आता नोंदणी होत नाही. ग्रामपंचायत हद्दीत, म्हणजे शहराला लागून असलेल्या गावांत, ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या संगणकीकृत नोंदीचा, उतारा लागतो. खातं अजून वडिलांच्या नावावर असेल तर वारसा नोंद आधी करून घ्या, बहिणींच्या सह्यांचं आधी बोला. बोजा नसल्याचा दाखला, म्हणजे ईसी, ‘कावेरी’ पोर्टलवरून काढता येतो. मूळ खरेदीपत्र, घरपट्टीची पावती, हेस्कॉमचं ताजं वीजबिल, मंजूर नकाशा, या सगळ्यांच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये घालून ती हॉलमधल्या टीपॉयवर ठेवा. चहा पिताना घेणारा ती चाळतो.

इसार घेतल्यावर

इसार, म्हणजे आपल्याकडचा संचकार, हातात आला की लोकांना वाटतं सुटलो. येळ्ळूरची गादी परत येते, दारामागं खुंट्या परत लागतात. घेणाऱ्यानं कर्ज काढलं असेल तर त्यानंतरच बँकेचा इंजिनिअर मूल्यांकनाला येतो, आणि घेणाऱ्याचे नातेवाईकही एकदा बघून जातात. खरेदीपत्र नोंद होईपर्यंत सामान बाहेरच राहू द्या. आणि संचकारपत्रातच लिहून घ्या, घरासोबत काय राहणार: पंखे, गीझर, बोअरची मोटर, गच्चीवरची टाकी, विहिरीची जाळी, इन्व्हर्टर. जे नेणार आहात तेही लिहा, नाहीतर नोंदणीच्या दिवशी उपनिबंधकाच्या दारात पंख्यावरून वाद होतो.